मिस्टर युटा, मुक्काम लिंबागणेश

व्हिएतनाममधल्या एका खाजगी भाषाशाळेत मला इंग्रजीच्या शिक्षकाची नोकरी लागल्याची बातमी केजमध्ये फुटली, त्या दिवसापासून मी माणूस राहिलो नाही. सार्वजनिक मालमत्ता झालो. बसस्टँडवरच्या पाणपोईचा नळ जसा येणारा-जाणारा उगाच सोडून बघतो, तसा जो तो मला थांबवून सल्ला सोडून जायला लागला.

पण आधी मुलाखतीचं सांगतो, कारण सगळी माती तिथंच झाली. मुलाखत मोबाइलवर होती आणि आमच्या घरात रेंज येते ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला. मे महिना. मी लग्नातला कोट घालून टाकीला टेकलो होतो आणि माझी बायको मंजुषा कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं माझ्यावर छत्री धरून उभी होती. समोर मिस होआ, म्हणजे त्या शाळेच्या मालकीणबाई. त्यांनी विचारलं, "आर यू नेटिव्ह?"

"येस मॅडम," मी बाणेदारपणे सांगितलं. "नेटिव्ह ऑफ लिंबागणेश. प्रेझेंटली सेटल्ड ॲट केज."

आपल्याकडे नेटिव्ह म्हणजे मूळ गाव. इंग्रजी शिकवण्याच्या धंद्यात नेटिव्ह म्हणजे जो इंग्रजीतच जन्मला तो. हा फरक मला पुढं कळला, आणि फार वाईट रीतीनं कळला. बाईंना रेंजच्या कृपेनं फक्त 'येस' ऐकू गेलं. मग त्यांनी नाव विचारलं. मी "उत्तरेश्वर" म्हणालो. तिकडं पोचता पोचता त्याचं शेपूट गळालं आणि बाईंनी वहीत लिहून घेतलं: 'युटा'. बारा मिनिटांत माझी निवड झाली. ज्या संस्थेत मी अकरा वर्षं 'यंदा मान्यता येणारच' एवढ्या एका वाक्यावर इंग्रजी शिकवत होतो, तिथं माझ्याशी बारा मिनिटं इंग्रजीत कुणी बोललं नव्हतं. भुललो.

त्यानंतर कागद. ज्या कचेरीत मी ते घेऊन गेलो तिचं नाव सांगत नाही; पुन्हा तिथंच काम पडायचं. माझ्या पदवीवर माझं नाव उत्तरेश्वर आहे, आधारवर उत्रेश्वर आहे, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर, लिहिणारा कुठल्या आनंदात होता कोण जाणे, चक्क उत्तमेश्वर आहे. खिडकीतल्या क्लार्कनं तिन्ही कागद पत्त्यांसारखे टेबलावर मांडले. बराच वेळ बघितले.

"ह्यातला जाणार कोण?" त्यानं विचारलं.

"तिघंही मीच आहे."

"तुमी म्हणताव. कागद न्हाई म्हणत."

मग शंभर खेपा, प्रतिज्ञापत्र, आणि तिघं एकच असल्याचं सांगणारे दोन साक्षीदार. पहिले साक्षीदार आमचे शेजारी धोंडीराम, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांना जागा दाखवल्यामुळं निवृत्तीनंतरही त्यांची ती खोड गेलेली नाही. क्लार्कनं विचारलं, ह्यांना ओळखता का? धोंडीराम छाती पुढं काढून म्हणाले, "ओळखता म्हंजे? लहानपणापासून बघतो ना मी तिघांलाबी!"

त्या एका वाक्यानं माझं काम पंधरा दिवस लांबलं.

 येताना धोंडीराम रस्ताभर बोलत होते. त्यांच्या मेव्हण्याचा पुतण्या दुबईत असल्यामुळं जगाच्या पाठीवरच्या कुठल्याही देशाबद्दल त्यांचं मत तयार असतं. "मास्तर, तितं ज्वारी न्हाई भेटत. पीठ न्या. आन् पासपोर्ट कुनाच्या हातात देऊ नगा. आन् पानी उकळून. आन् ते लोक आपल्यावानी हुबं ऱ्हाऊन बोलत न्हाईत, बसून बोलतेत." हे शेवटचं त्यांनी कुठून आणलं ते मला आजतागायत समजलेलं नाही.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात गहिनीनाथअण्णांनी माझा सत्कार ठेवला. अण्णा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि भागातले पुढारी. मान्यता न आणता माणूस टिकवायची कला त्यांच्याइतकी कुणाला साधलेली नाही. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर अण्णा दहा फूट, अण्णांचे चिरंजीव सात फूट आणि उजव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोत, मी. मागं लंडनचं घड्याळ. मी अण्णांच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं, "अण्णा, मी व्हिएतनामला चाललोय."

"मग?" अण्णा म्हणाले. "परदेशच हाय ना? आन् व्हिएतनामचं लोकांना काय दाखवायचं, सांगा की!"

अण्णांनी भाषणात जाहीर केलं, की ज्या इंग्रजांनी आपल्याला दीडशे वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यांना आता आपला माणूस इंग्रजी शिकवायला चालला आहे. निजामाच्या मुलखात बसून दीडशे वर्षांचा हा हिशेब अण्णांनी कुठल्या पंचांगातून काढला, ते विचारायची सोय नव्हती. टाळ्या मात्र कडाडल्या. मी फेटा सावरत आभार मानले. माणसाला अपमान आणि सन्मान एकाच शालीत गुंडाळून मिळतो, तेव्हा थंडीही जात नाही आणि शालही काढता येत नाही.

लिंबागणेशला आईच्या पाया पडायला गेलो. आईचं नाव भिवराबाई. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुकादम कोन हाय?"

"मुकादम नाही आई, एजन्सी आहे."

"तेच ते. उचलून नेतंय ना कुनीतरी? ऊसतोडीला गेलेले लोक हंगाम सरून पट्टा पडला की माघारी येतेत. तुजा पट्टा कवा पडनार?"

एम.ए. झालेल्या माणसाला ऊसतोडीच्या टोळीत बसवलेलं मला लागलं. पण आईनं पुढं वर्षभर, विचारणाऱ्या प्रत्येकाला, "पोरगं लई लांबच्या कारखान्यावर गेलंय," असंच सांगितलं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, माझ्या नोकरीचं त्यातल्या त्यात खरं वर्णन तिनंच केलं.

शाळा हनोईपासून तीन तासांवरच्या एका शहरात होती. चार मजली, एका खोलीच्या रुंदीची, उभी ठेवलेली काडेपेटी म्हणा. दारावर माझा फोटो. खाली इंग्रजीत: 'मिस्टर युटा'. त्याखाली अमेरिकेचा झेंडा. फोटो मुलाखतीच्या वेळचाच होता, पण संगणकावर मला इतका धुतला होता की कातडीबरोबर मिशीसुद्धा फिकी झाली होती. छत्रीचा दांडा मात्र राहिला होता.

"मॅडम," मी मिस होआंना म्हणालो, "युटा हे माझं नाव नाही. आणि ते अमेरिकेतल्या एका राज्याचं नाव आहे."

"हो, मला कळलं," त्या म्हणाल्या. "तुमचे कागद आले तेव्हा कळलं. पण पोस्टर आधीच छापलं होतं."

सरकारी कागदांवर मी भारतीय, दारावर मी अमेरिकन. केजला तीन होतो, इथं चौथा झालो. मी तोंड उघडलं, पण बाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की पालकांना असं आवडतं, कुणी विचारलं तर नुसतं हसायचं. मी हसलो नाही. पण गप्प बसलो. गप्प बसण्याची अकरा वर्षांची सवय होती. मान्यता नव्हती, तरी अनुभव होता.

माझ्या फोटोशेजारी माझ्या दुप्पट मोठा फोटो सर्गेई नावाच्या गृहस्थाचा. सोनेरी केस, निळे डोळे, दारातून आत येताना वाकणारा. शाळेचा मुख्य इंग्रजी शिक्षक. मूळचा पोहणं शिकवणारा, कुठल्याशा बर्फाळ गावचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. हे मी मत्सरानं म्हणत नाही. पहिल्याच दिवशी त्यानंच मला छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी इंग्लिश, नो. मी स्माइल, येस."

व्यवस्था अशी ठरली. सकाळी आठ ते नऊ मी सर्गेईला त्या दिवसाचा धडा शिकवायचा. नऊ वाजता सर्गेईनं वर्गात जाऊन तो मुलांवर सांडायचा. काचेबाहेर उभ्या असलेल्या आया त्याच्याकडं बघून हरखून जायच्या. तो 'व्हेरी गुड' म्हणाला की एकीनं तर डोळे पुसलेले मी पाहिले आहेत. एकदा त्यानं 'शी गो टू मार्केट' असं फळ्यावर लिहिलं. मी मागच्या दारातून जाऊन ते 'गोज' केलं, तर एका वडिलांनी माझी तक्रार केली, की हा माणूस सरांचं लिहिलेलं खोडतो.

मलाही दुपारचा एक वर्ग होता, पण त्यासाठी बाईंनी मला सुधारायला घेतलं. वॉटर म्हणायचं नाही, 'वाडर' म्हणायचं. मुलांना 'गुड आफ्टरनून स्टुडंट्स' म्हणायचं नाही, दोन्ही हात हलवत 'हाय गाइज' म्हणायचं. मी ज्या मातीतला आहे तिथं ट आणि ड हे दोन वेगळे आणि बाणेदार वर्ण आहेत. त्यांची अशी खिचडी करणं म्हणजे जिभेला लकवा मारून घेणं. महिनाभरात माझं असं झालं, की मंजुषाला फोनवर मी 'पाणी आलं का' विचारलं, तर ती म्हणाली, "दात काढला का हो तुमी?"

सर्गेईचा मात्र मला राग येईना, हेच मोठं दुःख होतं. तो मला भाऊ म्हणायचा, आपल्या डब्यातलं अर्धं द्यायचा आणि ज्वारीची भाकरी दोन्ही हातांनी उजेडात धरून 'व्हेरी गुड' म्हणायचा. तुच्छ लेखायला घ्यावं आणि माणूस चांगला निघावा, यासारखी गैरसोय नाही.

असे सहा महिने गेले आणि पालकांचा मेळावा आला. खालच्या मजल्यावर फुगे, खुर्च्या, दीडशे माणसं. सर्गेई मध्यभागी सूर्यासारखा. मी भिंतीजवळ. तेवढ्यात एक उंच, लालसर म्हातारा गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आला. एका विद्यार्थिनीचा आजोबा. मुलगी इथं दिलेली. पोस्टरकडं बोट करत, डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "मीसुद्धा युटाचा! साठ वर्षं तिथंच काढली. तुम्ही कुठले?"

दीडशे माणसं आमच्याकडं वळली. दोन गाववाले परदेशात भेटतात, हे कुठल्याही देशात बघण्यासारखंच असतं. काहींनी मोबाइल वर धरले.

मी हसून बघितलं. म्हातारा हलेना.

"केज," मी म्हणालो.

"केज?" तो कपाळ चोळायला लागला. "कुठली काउंटी?"

"बीड."

"बीड काउंटी..." तो बिचारा प्रामाणिकपणे आठवायला लागला. "दक्षिणेकडं का? पार वाळवंटाच्या बाजूला?"

वाळवंटाच्या बाजूचं पूर्ण खोटं नव्हतं. मी मान हलवणार होतो. खरंच सांगतो, आणखी एक क्षण मिळाला असता तर मी आयुष्यभर युटाच्या दक्षिणेला राहिलो असतो. पण मिस होआ धावत आल्या. त्यांना वाटलं मी अडखळतोय. त्या आधी इंग्रजीत आणि मग पालकांसाठी त्यांच्या भाषेत ठणकावून म्हणाल्या, "मिस्टर युटा फार लाजतात. त्यांची आई तिथल्या मोठ्या बंगल्यात राहते. बंगल्याला पोहण्याचा तलाव आहे."

लोकांनी 'ओ' केलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली. कमरेला पदर खोचून, उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत हंडा पुढं सरकवणारी. चौथं नाव मी सोसलं होतं, वाडर सोसलं होतं, मिशीसुद्धा गेली तर जाऊ दिली होती. पण आईला त्यांनी त्या तलावाच्या काठावर नेऊन बसवलं, ते काही मला सोसलं नाही.

"माझी आई लिंबागणेशला राहते," मी म्हणालो. आवाज फारच मोठा निघाला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा आवाज होता तो. "लिंबागणेश, जिल्हा बीड, महाराष्ट्र, इंडिया. तिथं टँकरनं पाणी येतं. तिला पोहता येत नाही. माझं नाव उत्तरेश्वर आहे. मी अमेरिका बघितलेली नाही. पण इंग्रजी मला येतं आणि ह्या इमारतीत ते फक्त मला येतं!"

शेवटचं वाक्य त्या अमेरिकन म्हाताऱ्यासमोर बोलायला नको होतं, हे मला ते बोलून झाल्यावर सुचलं.

 कुणीतरी भाषांतर केलं. मग एकच गलका झाला. काही वडील बाईंवर धावून गेले. काहींनी पोरांची दप्तरं उचलली. एका आईनं मात्र मला बाजूला घेऊन आशेनं विचारलं, "इंडियन? मग गणित शिकवाल?" गणितात मी दोनदा आपटलेला माणूस. तिलाही नाही म्हणावं लागलं. म्हातारा जवळ आला, माझा हात हातात घेऊन म्हणाला, "हरकत नाही. तुमचं गाव मला आमच्यासारखंच वाटलं." आणि सर्गेई सगळ्या गोंधळात उभा राहून, काही न समजून, सगळ्यांना धीर देत होता: "व्हेरी गुड. व्हेरी गुड."

संध्याकाळी बाईंनी मला वर बोलावलं. रडून डोळे सुजले होते. शाळा त्यांनी नवऱ्यामागं एकटीनं उभी केली होती, हे मला तेव्हा कळलं. "तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "पण आता तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरायला घेतली. मंजुषाला फोन केला. ती म्हणाली, "या. पण चौकात लई दिवस कुनाला सांगू नगा कावून आलाव ते." म्हणजे धोंडीरामांना आठवडाभर, अण्णांना जन्मभर पुरेल एवढी करमणूक घेऊन मी निघालो होतो. पुन्हा तीच संस्था, पुन्हा तेच 'यंदा येणारच'. मी कोट घडी करत होतो आणि घडी काही केल्या नीट पडत नव्हती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. मिस होआ आणि त्यांच्यामागं पन्नाशीची एक बुटकी बाई. नाव थुई. गावाबाहेरच्या कापडगिरणीत खरेदी खात्याच्या प्रमुख. काल मेळाव्यात नातवाला घेऊन आल्या होत्या. त्या बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच मोबाइल काढला आणि त्यात रेकॉर्ड केलेला एक आवाज लावला.

"हॅलो मॅडम, सी, अॅक्च्युअली व्हॉट हॅपन्ड, ट्रक इज ऑलरेडी लेफ्ट, ओन्ली गोडाऊन साइड स्मॉल प्रॉब्लेम इज देअर. टुडे-टुमारो डेफिनेटली होऊन जाईल मॅडम, काइंडली ॲडजस्ट."

 सहा महिन्यांत इतकं स्वच्छ इंग्रजी मी ऐकलं नव्हतं. त्यात मध्येच 'होऊन जाईल' आलं, तेव्हा तर खाटेवर बसावंच लागलं.

"कळलं?" थुईबाईंनी विचारलं.

"सगळं. ट्रक निघालेलाच नाही."

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. थुईबाईंनी आवाज पुन्हा लावला, मी पुन्हा सांगितलं. ट्रक निघालेला नाही, माल गोदामात आहे, आज-उद्या म्हणजे पुढचा आठवडा, आणि 'ॲडजस्ट' म्हणजे काही एक होणार नाही.

"आमचं सूत तुमच्या देशातून येतं," थुईबाई म्हणाल्या. "रोज वीस फोन. अमेरिकेतून आम्हाला कुणी फोन करत नाही. सर्गेईंना ऐकवलं, ते हसले. त्या म्हाताऱ्या अमेरिकनाला आज सकाळी ऐकवलं, त्यांनी तीनदा ऐकून माफी मागितली. काल तुम्ही ओरडलात ना, तेव्हा मी नातवाला म्हटलं, अगदी त्यांच्यासारखं बोलतोय हा. एक अक्षर कळत नाही."

"आभारी आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्ही हवेत. आमच्या बारा जणींना शिकवा. असंच. वाडर-बिडर नको."

पोस्टर उतरलं. नवीन लागलं त्यावर कुठलाच झेंडा नव्हता, आणि नाव चुकलंच. पण या वेळी एका अक्षरानंच चुकलं, तेवढं मी चालवून घेतलं. गिरणीतल्या बारा बाया संध्याकाळी पाचला ओळीनं यायच्या. मी त्यांना 'टुमारो' म्हणजे उद्या नव्हे हे शिकवलं. 'नो प्रॉब्लेम' ऐकलं की पहिल्यांदा प्रॉब्लेम कोणता ते विचारायचं, हे शिकवलं. आणि मग रागवायला शिकवलं. त्या बायांचा राग इतका मऊ, इतका सभ्य, की ऐकणाऱ्याला वाटावं चहाला बोलावतायत. मी फळ्यावर मोठं 'व्हाय' लिहिलं आणि केजच्या बाजारात भाव विचारताना लागतो तो सूर त्याला लावून दाखवला. व्हा आधी खाली दाबायचा, य वर फेकायचा. बारा जणींनी एका सुरात म्हटलं. खालच्या मजल्यावर सर्गेईचा वर्ग थांबला.

तिसऱ्या आठवड्यात थुईबाईंचा फोन वर्गातच वाजला. त्यांनी स्पीकर लावला. पलीकडून तोच आवाज: ट्रक ऑलरेडी लेफ्ट. थुईबाई उठून उभ्या राहिल्या. साडेचार फुटांची ती बाई. तिनं श्वास घेतला, व्हा खाली दाबला, य छताला लावला, आणि ट्रक, गोदाम, उद्या, परवा, सगळ्याची पिसं काढली. व्याकरण तीन ठिकाणी चुकलं. मी ते सुधारलं नाही.

 पलीकडचा गृहस्थ पडेल आवाजात म्हणाला, "सॉरी मॅडम. आज रात्री काढतो. डोन्ट बी अँग्री, मॅडम."

थुईबाईंनी फोन बंद केला आणि हळूच खाली बसल्या. 

"चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी ह्या माणसावर चिडतेय. आज त्याला कळलं."